पवित्र भूमीची यात्रा

यरुशलेम, बेथलेहेम, नासरेथ, गालील समुद्राचा काठ, यार्देन नदी, हेब्रोन, सीनाय पर्वत अशा बायबलमधील स्थळांना ज्यू आणि ख्रिस्ती भाविक करतात ती यात्रा. ही स्थळे आज इस्रायल, पॅलेस्टाइन, जॉर्डन आणि इजिप्त यांच्या हद्दींत विखुरलेली आहेत. भूमी बरीचशी एकच असली तरी दोन्ही धर्मांत यात्रेचे स्थान वेगळे आहे. ज्यूंना ती धर्मशास्त्राची आज्ञा होती. ख्रिस्ती धर्माने मात्र तिची सक्ती कधी केली नाही.

बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या १६ व्या अध्यायात वर्षातून तीनदा परमेश्वरासमोर हजर राहायला सांगितले आहे : बेखमीर भाकरीच्या सणाला (वल्हांडणाला), सप्ताहांच्या सणाला आणि मांडवांच्या सणाला. यरुशलेम डोंगरावर असल्याने हिब्रू भाषेत तिथे ‘जात’ नाहीत, ‘चढतात’. स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही ‘आरोहणस्तोत्रे’ बहुधा याच वाटेवर गायली जात. यरुशलेममधील ज्यू मंदिराच्या दक्षिण अंगाला उत्खननात सापडलेल्या रुंद पायऱ्यांवर आजही बसता येते. त्यांतली एक पायरी अरुंद तर दुसरी रुंद, त्यामुळे घाईने चढताच येत नाही. शेजारी शुद्धिस्नानाची कुंडे आहेत. या साऱ्या मुलखात ‘इथूनच यात्रेकरू चालले’ असे छातीठोकपणे सांगता येण्याजोग्या जागा थोड्या. ही त्यांतली एक.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि यात्रेचा सूर पालटला. सणाच्या जागी शोक आला. ३३३ मध्ये बोर्दो येथून आलेल्या एका अनाम ख्रिस्ती यात्रेकरूने लिहून ठेवले आहे, की ज्यू वर्षातून एकदा येतात, एका छिद्र असलेल्या दगडाला तेल लावतात, विलाप करतात आणि वस्त्रे फाडून परततात. पुढे या भावनेचे केंद्र पश्चिम भिंत झाले. ही खुद्द मंदिराची भिंत नाही, तर मंदिराच्या चौथऱ्याला हेरोद राजाने बांधलेली आधारभिंत आहे. तिच्या फटींत खोचलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वर्षातून दोनदा काढून जैतुनाच्या डोंगरावरील दफनभूमीत पुरतात. हेब्रोन येथील मखपेला गुहेत अब्राहाम, इसहाक व याकोब यांच्या कबरी असल्याचे ज्यू आणि मुसलमान दोघेही मानतात. १९९४ मध्ये तिथे एका ज्यू हल्लेखोराने नमाज पढणाऱ्यांवर गोळीबार केला, त्यानंतर ही वास्तू दोन समाजांत विभागण्यात आली.

ख्रिस्ती यात्रेला खरे बळ मिळाले ते चौथ्या शतकात. सम्राट कॉन्स्टंटाइनने यरुशलेममधील एक रोमन देऊळ पाडून तिथे, येशूची कबर मानलेल्या जागी, भव्य ‘पवित्र कबरेचे चर्च’ उभारले. त्याचा अर्पणविधी ३३५ मध्ये झाला. कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिला तिथेच येशूचा क्रूस सापडला, अशी परंपरा आहे. ३८१ ते ३८४ या काळात एजेरिया नावाची स्त्री पश्चिम युरोपातून येऊन सीनायपर्यंत हिंडली. पवित्र सप्ताहातील उपासनांचे तिने केलेले वर्णन अभ्यासक आजही वापरतात. गंमत अशी, की बेथलेहेमात मठ करून राहिलेल्या संत जेरोमनेच एका पत्रात लिहिले, की स्वर्गाचे दार यरुशलेमहून जितके जवळ तितकेच ब्रिटनहूनही जवळ. यात्रा करावी, पण तिच्यावाचून अडत नाही, ही ख्रिस्ती भूमिका इतकी जुनी आहे.

स्थळ अस्सल कशावरून, हा प्रश्न या यात्रेला सतत चिकटलेला आहे. पवित्र कबरेचे चर्च आज गजबजलेल्या शहराच्या मधोमध आहे, मग येशूला क्रुसावर दिले तो गावाबाहेरचा गुलगुथा इथे कसा, अशी शंका १९ व्या शतकात जोर धरू लागली. प्रॉटेस्टंट मंडळींनी दिमिष्क (दमास्कस) वेशीबाहेरील ‘बागेतील कबर’ जवळ केली. पुरातत्त्वाने मात्र जुन्या परंपरेच्याच पारड्यात वजन टाकले : येशूच्या काळी चर्चची जागा तटाबाहेर होती, तिथे दगडाची खाण होती आणि त्या काळच्या कबरी चर्चच्या आत आजही दिसतात. बागेतील कबर येशूच्या काळाहून कित्येक शतके जुनी आहे. तरीही शांत बसून प्रार्थना करायला लोक तिथेच जातात, आणि त्यात काही वावगे नाही.

उलट ‘क्रुसाच्या वाटे’चे, म्हणजे येशू क्रूस घेऊन चालला असे मानतात त्या मार्गाचे. जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांतून जाणारे १४ विश्राम (प्रार्थनेचे थांबे) मध्ययुगात आणि त्यानंतर हळूहळू ठरत गेले. रोमन सुभेदार पिलाताने येशूचा न्याय शहराच्या पश्चिमेला हेरोदाच्या वाड्यात केला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर वाटेची सुरुवातच दुसरीकडून व्हायला हवी. दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन साधूंच्या मागून मिरवणुकीत चालणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. येशूच्या बाप्तिस्म्याच्या स्थळाचेही असेच आहे. यार्देनच्या पूर्वेचे अल-मगतास २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, समोरच्या काठावर कसर अल-यहूद आहे, आणि गालील समुद्रातून नदी बाहेर पडते त्याच्या जवळ यार्देनित हे अगदी अलीकडचे, सोयीचे तिसरे ठिकाण आहे. गालील समुद्राकाठच्या कफर्णहूम गावाची बाजू बरीच भक्कम वाटते. तिथे एका साध्या घरावर पाचव्या शतकात अष्टकोनी चर्च बांधले गेले, ते येशूचा शिष्य पेत्र याचे घर होते या समजुतीने.

या स्थळांची मालकी हे वेगळेच प्रकरण. पवित्र कबरेच्या चर्चमध्ये ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन असे सहा पंथ नांदतात. इथिओपियन साधू तर छतावर राहतात. १८५२ च्या ऑटोमन फर्मानाने सर्वांचे हक्क ‘जैसे थे’ गोठवले. दर्शनी खिडकीखालची एक लाकडी शिडी १८ व्या शतकापासून तिथेच टेकलेली आहे, कारण ती हलवायला सगळ्यांची संमती लागते. दाराची किल्ली जूदेह या मुसलमान घराण्याकडे असते आणि दार उघडण्याचा मान नुसैबेह घराण्याचा. बेथलेहेमच्या जन्मस्थान चर्चमधील चांदीचा तारा १८४७ मध्ये नाहीसा झाला. त्यावरून पेटलेला वाद पुढे क्रिमियन युद्धाच्या कारणांत जाऊन बसला. २०११ मध्ये त्याच चर्चच्या सफाईवरून ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरू झाडू घेऊन एकमेकांच्या अंगावर धावले.

पूर्वी याफा बंदरात उतरून गाढवाच्या पाठीवर डोंगर चढावा लागे. १८९२ मध्ये याफा–यरुशलेम रेल्वे आली. आताचा प्रवास विमान आणि बसचा. भारतातून चर्चच्या गटांबरोबर जाणारे भाविक बहुधा जॉर्डन, इस्रायल आणि इजिप्त एकाच फेरीत करतात. बेथलेहेम पॅलेस्टाइनच्या ‘वेस्ट बँक’ (यार्देनचा पश्चिम काठ) या भागात असल्याने यरुशलेमहून तिथे जाताना तपासणी नाका लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर यात्रेकरू येईनासे झाले आणि त्या वर्षी बेथलेहेमात नाताळचे सार्वजनिक सोहळे झाले नाहीत. तिथल्या हॉटेलांची आणि जैतुनाच्या लाकडावर कोरीवकाम करणाऱ्यांची मिळकत यात्रेकरूंवरच चालते.

या भूमीपासून दूर, अलिबागजवळच्या खंडाळे गावातही बायबलशी नाते सांगणारी एक जागा आहे. कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या श्रद्धेनुसार एलिया संदेष्टा इथे प्रकटला आणि त्याच्या रथाच्या व घोड्याच्या खुणा कातळावर उमटल्या. या जागेला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. नवस फेडायला आलेली कुटुंबे पोहे, खोबरे, साखर आणि फळांचा मलिदा करतात. समाजाचा मोठा भाग १९४८ नंतर इस्रायलला गेला. तिकडून कोकणात आलेली माणसे या कातळावर आवर्जून जाऊन येतात.