बारोलो: पिंपावरून पेटलेलं भांडण

१९८३ साली इटलीच्या ला मोर्रा गावात एलिओ अल्तारे या शेतकऱ्याने यांत्रिक करवत घेतली आणि वडिलांच्या तळघरातली मोठाली जुनी पिंपं कापून काढली. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून वगळलं. बारोलो ही वाईन जुन्या रीतीने करायची की नव्या, या ‘बारोलोचं युद्ध’ म्हणून वाईनच्या जगात ओळखल्या जाणाऱ्या वादातली ही सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट. ती खरीच आहे, पण तिच्यामुळे सगळा वाद बाप-लेकाचा वाटतो आणि त्यामागचा पैशाचा प्रश्न झाकला जातो.

बारोलो हे पिएमॉन्ते प्रांतात, आल्बा शहराच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवरचं गाव. त्यासह अकरा गावांच्या हद्दीत पिकलेल्या नेब्बिओलो द्राक्षाच्या वाईनलाच हे नाव लावता येतं. नेब्बिओलो हा हट्टी वाण. ऑक्टोबर उजाडला तरी पिकायचं नाव घेत नाही. रंग फिका, आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा एवढा, की कोवळी वाईन प्यायली तर कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आखडते. म्हणून इथली रीत सबुरीची होती. साली रसात महिना-महिनाभर, कधी त्याहूनही जास्त भिजू द्यायच्या, मग हजारो लिटर मावणाऱ्या ओकच्या पिंपांत, म्हणजे ‘बोत्ती’त, वाईन वर्षानुवर्षं मुरवायची. पिंप जुनं, त्यामुळे लाकडाची चव वाईनला लागत नाही. हवा मात्र हळूहळू लागते आणि तुरटपणा निवळतो.

‘परंपरा’ म्हणतात ती हीच, पण ती काही रोमन काळापासूनची नाही. कोरडी बारोलो आकाराला आली ती १९व्या शतकाच्या मध्यावर. इटलीच्या एकीकरणाचा शिल्पकार कावूर याच्या ग्रिन्झाने इथल्या मळ्यांतही तेव्हा सुधारणा चालू होत्या.

खरी अडचण चवीची नव्हतीच. शेतकरी द्राक्षं आल्बाच्या बाजारात आणायचा, भाव व्यापारी ठरवायचे, गावोगावचा माल एकत्र करून स्वतःच्या नावाने विकायचे. महायुद्धानंतर पोरं तुरीनला फियाटच्या कारखान्यात, नाहीतर आल्बातच फेरेरोच्या चॉकलेट कारखान्यात कामाला लागली. १९७६ मध्ये अल्तारे फ्रान्समधल्या बर्गंडीला जाऊन आला. तिथले शेतकरीही लहानच होते, पण बाटलीवर स्वतःचं नाव घालून चांगले पैसे मिळवत होते.

परतल्यावर त्याने घड विरळणी, म्हणजे उरलेली द्राक्षं चांगली पिकावीत म्हणून काही घड कापून टाकणं, सुरू केली. नाशिकच्या बागायतदाराला यात काही नवल वाटणार नाही, पण उपासमार पाहिलेल्या त्या खेड्यात वेलीवरची द्राक्षं जमिनीवर टाकणं म्हणजे पाप होतं. साली भिजवण्याचा काळ त्याने काही दिवसांवर आणला आणि ‘बोत्ती’च्या जागी सव्वादोनशे लिटरची नवी फ्रेंच पिंपं, ‘बरीक’, आणली. शेजारच्या बार्बारेस्कोत आंजेलो गाया हा प्रयोग आधीपासून करत होता. नव्या ओकमुळे वाईनचा रंग टिकला, व्हॅनिलाचा सुवास आला आणि बाटली लवकर पिण्याजोगी झाली.

१९८६ मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाईनने इटलीत वीसहून अधिक बळी घेतले. या भेसळीच्या केंद्रस्थानी असलेला व्यवसाय बारोलोच्या अगदी जवळच्या नार्झोलेतला होता. निर्यात कोसळली. नाव कमावल्याशिवाय तरणोपाय उरला नाही आणि नाव मिळत होतं अमेरिकेत. तिथे रॉबर्ट पार्कर हा समीक्षक वाईनला शंभरपैकी गुण द्यायचा. गडद, मऊ, ओकचा वास असलेल्या वाईनकडे त्याचा कल आहे, असा सर्वत्र समज होता. निर्यातदार मार्क दे ग्राझिया याने अल्तारेसारख्यांच्या बाटल्या नेमक्या त्या बाजारात पोचवल्या. ही लाट आपल्याकडेही आली होती. बंगळुरूजवळच्या ग्रोव्हर कंपनीने १९९०च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डोच्या मिशेल रोलां या वाईनतज्ज्ञाला सल्लागार नेमलं, ते याच जागतिक चवीच्या ओढीने.

या नव्या रीतीच्या विरोधकांत सर्वांत गाजला तो बार्तोलो मास्करेल्लो. फॅसिझमविरोधी लढ्यात उतरलेला, म्हातारपणी खुर्चीला खिळल्यावर लेबलं हाताने रंगवणारा. ‘बरीक नको, बेर्लुस्कोनी नको’ हे त्याचंच लेबल; बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचा पंतप्रधान झालेला धनाढ्य राजकारणी. तेओबाल्दो काप्पेल्लानो तर आपल्या वाईनला गुण देऊ नका, असं बाटलीवरच छापायचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं: व्हॅनिला कॅलिफोर्नियातही मिळतो, मग बारोलो कशाला?

हे मला पटतं, पण अर्धंच. जुन्या तळघरांतली बरीच पिंपं अस्वच्छ होती आणि वाईनमध्ये येणाऱ्या कुबट वासालाही काही जण परंपरा म्हणत. तळघर स्वच्छ ठेवणं आणि बाटलीवर शेतकऱ्याचं नाव येणं, ही नव्यांची खरी कमाई. उलट एकाच मळ्याची वेगळी बाटली काढायची रीत, जी आज बारोलोची ओळख समजली जाते, ती १९६१च्या आसपासची, म्हणजे नव्यांच्याही आधीची. मास्करेल्लो शेवटपर्यंत चार मळ्यांची द्राक्षं एकत्रच करत राहिला.

२००० नंतर वारं फिरलं. ओकच्या वासाला गिऱ्हाईक कंटाळलं, नव्यांपैकी अनेक जण मोठ्या पिंपांकडे वळले, जुन्यांनी पिंपं घासून स्वच्छ केली. कायदा पिंपाच्या आकाराबद्दल काही बोलतच नाही. किमान ३८ महिने मुरवणं आणि त्यातले १८ महिने लाकडात, एवढीच त्याची अट. मास्करेल्लो २००५ मध्ये वारला. त्याच्या बाटल्यांसाठी आता परदेशी संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात.

वाईनचा भाव चढला तसा जमिनीचाही चढला, हेक्टरी दहा लाख युरोंच्या पुढे गेला. वारसांमध्ये वाटणी करायची म्हटली, तर कुटुंबातल्या एकाला बाकीच्यांचा हिस्सा विकत घेणं परवडत नाही. १९६१ मध्ये एकाच मळ्याची बारोलो काढणाऱ्या पहिल्या काही घरांपैकी व्हिएत्ती हे एक. २०१६ मध्ये ते अमेरिकेतल्या क्राउझे कुटुंबाने विकत घेतलं. त्यांचा मूळ धंदा पेट्रोलपंप आणि त्याला जोडलेली दुकानं चालवण्याचा होता.