जन्माने नागरिक: नियम नेमका कुठे लिहिला आहे?

आई एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, वडीलही एच-१बीवर आणि बाळाचा जन्म न्यू जर्सीतल्या एखाद्या रुग्णालयात. अशा बाळाच्या अमेरिकी नागरिकत्वाबद्दल जानेवारी २०२५ पर्यंत कोणाच्या मनात शंका नव्हती. २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्या दिवशीच, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १४१६० क्रमांकाच्या कार्यकारी आदेशावर सही केली आणि हाच प्रश्न लाखो घरांत येऊन बसला.

आदेशात दोन प्रकारची मुले वगळली होती. पहिल्या प्रकारात आई बेकायदा राहणारी आणि वडील ना नागरिक, ना ग्रीन कार्डधारक (म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेले). दुसऱ्या प्रकारात आई कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी, नोकरीच्या वा पर्यटक व्हिसावर, आणि वडील पुन्हा ना नागरिक, ना ग्रीन कार्डधारक. आदेशानंतर ३० दिवस उलटल्यावर जन्मणाऱ्या मुलांनाच तो लागू होणार होता. बातम्यांमध्ये बोलबाला झाला तो बेकायदा स्थलांतरितांचा. पण दुसरा प्रकार भारतीय कुटुंबांना थेट भिडणारा आहे. वडिलांच्या हातात ग्रीन कार्ड असेल तर बाळ नागरिक. तेच वडील ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षे ताटकळत असतील तर बाळ नागरिक नाही.

असा नियम एका सहीने बदलता येतो का, हा खरा वाद आहे. त्याचे उत्तर नियम चांगला की वाईट यावर ठरत नाही. तो कुठे लिहिला आहे आणि तिथे का लिहिला गेला, यावर ठरते.

मूळ कल्पना इंग्लंडची. १६०८ च्या कॅल्व्हिन खटल्यात इंग्लिश न्यायाधीशांनी ठरवले की राजाच्या छत्राखाली जन्मलेला तो राजाचा प्रजाजन. वसाहतींनी हे तत्त्व उचलले, पण १७८७ च्या अमेरिकी घटनेत नागरिक म्हणजे कोण, याची व्याख्याच केली नाही. राष्ट्राध्यक्ष ‘जन्मतः नागरिक’ असावा असे त्यात म्हटले आहे. जन्मतः नागरिक कोण, हे मात्र सांगितलेले नाही. ही मोकळी जागा सत्तर वर्षे तशीच राहिली आणि तिची किंमत गुलामगिरीतल्या माणसांनी मोजली. ६ मार्च १८५७ रोजी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांच्या न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला. गुलाम असो वा मुक्त, आफ्रिकी वंशाचा माणूस घटनेच्या अर्थाने नागरिक होऊच शकत नाही, असे टॉनींनी लिहिले. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत जन्मलेली माणसे एका निकालाने परकी ठरली.

उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधले यादवी युद्ध संपल्यावर काँग्रेसने, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून होणाऱ्या अमेरिकी संसदेने, आधी साधा कायदाच केला. अमेरिकेत जन्मलेली आणि कोणत्याही परकी सत्तेच्या अधीन नसलेली माणसे नागरिक होत, असे १८६६ च्या नागरी हक्क कायद्याने म्हटले. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो नाकारला. ९ एप्रिल १८६६ रोजी काँग्रेसने दोन तृतीयांश बहुमताने त्यांचा नकार मोडून काढला. मग घटनादुरुस्ती कशाला हवी होती? कारण आज बहुमताने झालेला कायदा उद्याचे बहुमत रद्द करू शकते आणि ड्रेड स्कॉट निकाल देणारे न्यायालय तो घटनाबाह्यही ठरवू शकते. दक्षिणेतली राज्ये काँग्रेसमध्ये परतणारच होती. त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी हा नियम ठेवायचा होता. जन्मसिद्ध नागरिकत्व घटनेत गेले, ते सहजासहजी बदलता येऊ नये म्हणूनच. आजच्या वादात हा मुद्दा हमखास सुटतो.

३० मे १८६६ रोजी सिनेटर जेकब हॉवर्ड यांनी १४ व्या दुरुस्तीच्या मसुद्याला सुरुवातीचे वाक्य जोडले. अमेरिकेत जन्मलेल्या किंवा रीतसर नागरिकत्व मिळवलेल्या आणि ‘तिच्या अधिकारक्षेत्रात असलेल्या’ सर्व व्यक्ती अमेरिकेच्या आणि त्या राहतात त्या राज्याच्या नागरिक आहेत, असा त्याचा आशय. सिनेटमध्ये ३३ विरुद्ध ११ आणि प्रतिनिधिगृहात १२० विरुद्ध ३२ मतांनी दुरुस्ती मंजूर झाली. १८६८ पर्यंत ३७ राज्ये झाली होती, म्हणजे २८ राज्यांचे अनुमोदन लागणार होते. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांनी आधी नकार दिला. १८६७ मध्ये काँग्रेसने कायदाच केला की ही दुरुस्ती मान्य केल्याशिवाय त्यांना काँग्रेसमध्ये जागा नाही. ओहायो आणि न्यू जर्सीने दिलेले अनुमोदन मागे घेतले, तरी ते मोजले गेले. ९ जुलै १८६८ ला आकडा पूर्ण झाला. हा मार्ग सरळ नव्हता, हे मान्यच करायला हवे; पण युद्धात हरलेल्यांच्या खुशीवर सोडले असते तर ही दुरुस्ती झालीच नसती.

सगळा वाद आता ‘अधिकारक्षेत्रात असलेल्या’ या शब्दांवर येऊन थांबतो. हे शब्द रिकामे नाहीत. परकी राजदूताचे मूल त्यांत बसत नाही, कारण राजदूतावर तिथले कायदे चालत नाहीत. शत्रूच्या फौजेने व्यापलेल्या प्रदेशात त्या फौजेतल्यांना झालेले मूलही बसत नाही. टोळीच्या स्वतंत्र सत्तेखाली जन्मलेले मूलनिवासी तेव्हा बसत नव्हते: जॉन एल्क टोळी सोडून ओमाहा शहरात राहिले आणि मतदार नोंदणीला गेले, पण १८८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिक मानले नाही. ही त्रुटी दूर व्हायला १९२४ चा कायदा यावा लागला. स्थलांतरितांच्या मुलांचे काय, हा प्रश्न १८६६ च्या चर्चेतही आला होता. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर एडगर कोवन यांनी चिनी मुलेही नागरिक होतील अशी भीती घातली. कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांनी ‘हो, होतील आणि व्हावीत’ अशीच भूमिका घेतली. म्हणजे परिणाम काय होणार, हे मत देणाऱ्यांना ठाऊक होते.

त्याची कसोटी वाँग किम आर्क यांच्या खटल्यात लागली. न्यायालयाच्या नोंदीनुसार त्यांचा जन्म १८७३ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. पेशाने ते स्वयंपाकी. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले होते, त्यामुळे १८९४ मध्ये चीनला निघताना त्यांनी आपण इथेच जन्मलो असा लेखी जबाब गोऱ्या साक्षीदारांच्या सह्यांसह करून ठेवला. ऑगस्ट १८९५ मध्ये ‘कॉप्टिक’ जहाजाने परतले, तेव्हा जकात अधिकाऱ्याने किनाऱ्यावर उतरू दिले नाही. पुढचे काही महिने ते बंदरातल्या जहाजांवर अडकून होते. ज्या शहरात जन्मले ते समोर दिसत होते. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी त्यांना नागरिक ठरवले. न्या. होरेस ग्रे यांनी इंग्लिश कायद्यापासून सगळा धागा उलगडला आणि अपवाद मोजकेच आहेत, असे स्पष्ट केले. तरीही १९०१ मध्ये टेक्सासच्या एल पासो इथे याच माणसाला बेकायदा चिनी म्हणून पुन्हा अटक झाली.

आदेशाचे समर्थक याच निकालातली एक फट दाखवतात. वाँग यांच्या आईवडिलांचे अमेरिकेत कायम वास्तव्य होते आणि निकालात ‘वास्तव्य’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तेव्हा तात्पुरत्या किंवा बेकायदा राहणाऱ्यांचा प्रश्न सुटलेलाच नाही, असे ते म्हणतात. अधिकारक्षेत्र म्हणजे पूर्ण निष्ठा, असाही त्यांचा अर्थ आहे. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण टिकणारा वाटत नाही. निकालाचे तर्कशास्त्र वास्तव्यावर उभे नसून जन्मस्थानी कायदा चालतो की नाही यावर उभे आहे. आणि बेकायदा आणले गेलेले लोक १८६८ मध्येही देशात होते. गुलाम आयात करण्यावर १८०८ पासून बंदी होती, तरी चोरटी आयात चालू राहिली. ‘क्लोटिल्डा’ हे जहाज तर १८६० मध्ये अलाबामातल्या मोबाईल या बंदराला लागले. या माणसांची अमेरिकेत जन्मलेली मुले नागरिक व्हावीत, हाच तर दुरुस्तीचा हेतू होता. आईवडील देशात कोणत्या वाटेने आले, हे तेव्हा विचारले गेले नाही. १९४० आणि १९५२ च्या नागरिकत्व कायद्यांत काँग्रेसने तेच शब्द जसेच्या तसे उचलले, त्यामुळे आदेश आता घटनेबरोबरच कायद्यालाही आडवा जातो.

राहता राहिली घटनाच बदलण्याची वाट. अमेरिकी घटनेच्या पाचव्या अनुच्छेदानुसार दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. सगळे हजर असतील तर प्रतिनिधिगृहात २९० आणि सिनेटमध्ये ६७. मग ५० पैकी ३८ राज्यांचे अनुमोदन. उलट बाजूने मोजले तर १३ राज्ये दुरुस्ती रोखू शकतात. नेब्रास्का सोडून प्रत्येक राज्यात दोन सभागृहे आहेत आणि एकाने नाही म्हटले तरी ते राज्य गेले. ३४ राज्यांनी मागणी करून परिषद बोलावण्याचा दुसरा मार्ग आहे, पण तो आजवर एकदाही वापरला गेलेला नाही. राष्ट्राध्यक्षांच्या सहीला या प्रक्रियेत जागाच नाही. आजवर २७ दुरुस्त्या झाल्या. शेवटची १९९२ मध्ये पूर्ण झाली; ती मांडली होती १७८९ मध्ये. स्त्री-पुरुष समान हक्कांची दुरुस्ती १९७२ मध्ये काँग्रेसने मंजूर केली, पण वाढवून दिलेली १९८२ ची मुदत संपेपर्यंत ३५ राज्यांवरच अडकली. जन्मसिद्ध नागरिकत्व काढण्यासाठी ३८ राज्ये मिळणे आजच्या घडीला शक्य दिसत नाही, म्हणूनच शब्दांचा अर्थ बदलून घेण्याची धडपड चालू आहे.

आयर्लंडने हाच बदल रीतसर करून दाखवला. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथे बेटावर जन्मणाऱ्याचा हक्क थेट घटनेत गेला. नागरिक बाळाच्या आधारे परक्या पालकांना राहता येईल का, यावर पुढे खटले झाले. सरकारने मग ११ जून २००४ रोजी सार्वमत घेतले. हा हक्क मर्यादित करणाऱ्या, आयरिश घटनेच्या २७ व्या दुरुस्तीच्या बाजूने सुमारे ७९ टक्के मते पडली. १ जानेवारी २००५ पासून जन्मणाऱ्या परक्या पालकांच्या मुलासाठी, साधारणपणे, पालकाचे आधीच्या चार वर्षांत तीन वर्षे कायदेशीर वास्तव्य लागते. निर्णय पटो न पटो, लोकांना विचारून झाला.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत नागरिकत्वाची कलमे आली, तेव्हा या कलमाने मसुदा समितीची डोकेदुखी केली, असे डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते. विदर्भाच्या पंजाबराव देशमुखांनी तर या तरतुदीने भारतीय नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, अशी टीका केली. समितीने कलम ५ ते १० मध्ये घटना लागू होतानाचे नागरिक कोण एवढेच ठरवले आणि कलम ११ ने पुढचे सारे संसदेवर सोडले. त्यामुळे घटनेला हात न लावता, साध्या बहुमताने नियम दोनदा आवळला गेला. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला, अगदी मोजके अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक. १ जुलै १९८७ पासून पालकांपैकी एक भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघे भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. नियम कायद्यात असला की तो किती लवकर फिरतो, हे इथे दिसते.

डॉमिनिकन प्रजासत्ताकात याहून वाईट घडले. तिथे घटनेत ‘प्रवासात असलेल्या’ परक्यांची मुले वगळलेली होती. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने या शब्दांचा अर्थ ताणून तो १९२९ पर्यंत मागे लावला आणि हैतियन वंशाच्या हजारो माणसांचे नागरिकत्व गेले. त्यांत आजीआजोबा झालेलेही होते. पुढच्या वर्षी सरकारला दुरुस्तीचा कायदा करावा लागला, तरी सगळ्यांचे कागद सुटले नाहीत.

अमेरिकेतला आदेश मागच्या काळाला लागू नव्हता, पण न्यायालयात तो पहिल्याच आठवड्यात अडला. सिअ‍ॅटलचे न्यायाधीश जॉन कॉगेनॉर यांनी २३ जानेवारी २०२५ ला त्याला तात्पुरती स्थगिती दिली. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी, एका जिल्हा न्यायाधीशाने देशभर मनाई लावण्यावर मर्यादा घातल्या. आदेश घटनात्मक आहे की नाही, हे त्या निकालाने ठरवले नाही. १० जुलैला न्यू हॅम्पशायरमध्ये बाळांच्या वतीने सामूहिक दावा मान्य होऊन पुन्हा स्थगिती मिळाली. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नच सुनावणीला घेतला.

आदेशाच्या अंमलबजावणीतली अडचण मात्र न्यायालयाबाहेर, रुग्णालयाच्या नोंदणी टेबलावर आहे. अमेरिकेत वर्षाला सुमारे ३६ लाख बाळे जन्मतात. जन्मदाखला राज्य देते, त्यावर आईवडिलांचा व्हिसा लिहिलेला नसतो आणि त्याच दाखल्यावर पुढे पासपोर्ट मिळतो. पालकांचा दर्जा पाहायचा ठरला, तर तो प्रत्येक बाळाच्या बाबतीत पाहावा लागेल. ज्यांचे पणजोबाही तिथेच जन्मले, त्यांनाही प्रसूतीच्या वेळी आपले नागरिकत्व कागदाने सिद्ध करावे लागेल; वडिलांचे नाव दाखल्यावर नसेल, तर फक्त आईच्या कागदावर बाळाचे भवितव्य ठरेल.