शाश्वत, टिकाऊ की पुरवून? पटावरच्या विकासाची पार्श्वभूमी

सापशिडी मूळची आपल्याकडचीच. तिच्या जुन्या रूपात, मोक्षपटात, शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचं घर मोक्षाचं. खेळातून शिकवण्याची ही रीत जुनी आहे. पर्यावरणाचा पाठ पटावर आला तो बराच नंतर.

१९८७च्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड अहवालाने ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ची व्याख्या दिली: आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येता कामा नये. १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले. तरी मुंबईच्या वर्गांत हा विषय खऱ्या अर्थाने शिरला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तोवर ‘नाला’ म्हणून ओळखली जाणारी मिठी ही नदी आहे, हे कित्येक मुलांना तेव्हाच कळलं.

घोळ आहे तो शब्दाचा, आणि तो किरकोळ नाही. ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट’साठी पाठ्यपुस्तकाने ‘शाश्वत विकास’ स्वीकारला. पण शाश्वत म्हणजे कधीही न संपणारं. मोक्षाच्या घराला शोभणारं विशेषण. मुलं त्याचा अर्थ ‘कायम चालू राहणारा विकास’ असा लावतात, म्हणजे व्याख्येच्या नेमका उलट. ‘टिकाऊ’ म्हटलं की चपलेचा तळवा आठवतो. खरा शब्द आपल्या स्वयंपाकघरातच आहे: पुरवून वापरणं. तेल महिनाअखेरपर्यंत पुरवायचं असतं, हे सांगायला कुठलीच व्याख्या लागत नाही.

शब्दाचा हा घोळ पटावरही उतरला, असं माझं ठाम मत आहे. २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांत शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरली आणि त्यांवर मुलांसाठी जो खेळ आला, त्याचा साचाही सापशिडीचाच. झाड लावलं की शिडी, कचरा टाकला की साप, अशा घरगुती आवृत्त्याही शाळाशाळांत निघाल्या. पण दान फासा ठरवतो, मुलाला निर्णय असा घ्यावाच लागत नाही. सगळ्यांचं लक्ष आधी वर कोण पोचतो याकडे.

दुसरी वाट १९८०च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या मासेमारीच्या खेळाची. आम्ही तो चिंचोक्यांवर आणला. ताटलीत ४० चिंचोके, चार बोटी, प्रत्येकीला फेरीत जास्तीत जास्त १० उचलायची मुभा. उरतील ते दुप्पट होतात, पण ४०च्या वर जात नाहीत. पहिल्या डावात पहिल्याच फेरीत ताटली रिकामी झाली. दुसऱ्या डावात पहिल्या फेरीनंतर १२ उरले, त्यांचे २४ झाले. तेवढ्यात कोळीवाड्यातली एक मुलगी म्हणाली, “आता बोटी वर काढा. आमच्याकडे जून-जुलै बंदीच असते, नारळी पुनवेपर्यंत आजी जाळ्याला हात लावू देत नाही.” थोडी कुरकुर झाली, पण ती फेरी कोणीच हात घातला नाही. पुढच्या फेरीला ताटलीत पुन्हा ४० चिंचोके होते.