‘आलं का काही?’
अमेरिकेतल्या मेडिकलचा अर्ज गेल्यानंतरच्या दहा महिन्यांविषयी, फक्त पालकांसाठी

तुमच्या मुलाचा किंवा मुलीचा अर्ज गेला की हे पत्रक आम्ही, म्हणजे अर्जाला मदत करणारी मंडळी, तुमच्या हातात देतो, मुलांच्या नाही. पुढे काय होणार याची मुलांना बऱ्यापैकी कल्पना असते, कारण कॉलेजातल्या वरच्या वर्गातली मुलं यातून गेलेली त्यांनी पाहिलेली असतात. अडचण आपली होते. आपण याद्यांच्या जमान्यात वाढलो. बारावीचा निकाल, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीची बेरीज, मग यादी. नाव असलं तर पेढे, नसलं तर बी.एस्सी. आता तिकडे ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा आहे, ७२० पैकी मार्क आहेत, राऊंडमागून राऊंड आहेत, पण शेवटी लागते ती यादीच. आपण कुठे उभे आहोत ते आकड्यावरून कळतं.

अमेरिकेत अशी यादी लागत नाही. एमकॅटला, म्हणजे इथल्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, ५२८ पैकी ५१८ मिळवलेल्या मुलीला एका कॉलेजचा नकार येतो, आणि त्याच कॉलेजचं मुलाखतीचं बोलावणं ५१० वाल्या मुलाला येतं. का, ते कुणी सांगत नाही. आणि नकार तरी येतो! बरेचदा काहीच येत नाही. या ‘काहीच नाही’चा अर्थ कसा लावायचा, हाच या पत्रकाचा विषय.

आधी हिशेब

२०२३ साली अमेरिकेतल्या एम.डी. (इथली डॉक्टरकीची पहिली डिग्री) कॉलेजांसाठी ५२,५७७ जणांनी अर्ज केले आणि २२,९८१ जण पहिल्या वर्षाला दाखल झाले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. या आकड्याने घाबरायला होतं हे खरं, पण तो फार दडवण्यातही अर्थ नाही.

दुसरा आकडा जास्त कामाचा आहे. एक विद्यार्थी सरासरी अठराच्या आसपास कॉलेजांना अर्ज करतो, आणि शेवटी शिकतो एकाच कॉलेजात. अठरातून चार बोलावणी आणि त्यातून एक प्रवेश, हे उत्तम वर्ष म्हणायचं. त्या उत्तम वर्षातही चौदा ठिकाणांहून साधं बोलावणंसुद्धा आलेलं नसतं. म्हणजे जो डॉक्टर होतो त्याच्याही इनबॉक्समध्ये नकारच जास्त असतात. एखाद्या घरातून ‘आमच्याकडे आज तिसरा नकार आला’ असा फोन आला की आम्ही आधी हे गणित मांडतो.

सण धरून कॅलेंडर

जून ते ऑगस्ट. मुख्य अर्ज एकाच ठिकाणी भरला जातो, त्या सेवेचं नाव ॲमकास. मे महिन्यात फॉर्म उघडतो आणि जूनच्या अखेरीस कॉलेजांकडे जायला लागतो. मधल्या काळात ट्रान्सक्रिप्टमधला एकेक विषय आणि एकेक ग्रेड तिथली माणसं ताडून पाहतात, आणि गर्दीच्या दिवसांत यालाच महिना-दीड महिना जातो. डी.ओ. (ऑस्टिओपॅथीची, डॉक्टर होण्याची दुसरी डिग्री) कॉलेजांची आणि टेक्सासमधल्या सरकारी कॉलेजांची अर्जाची सेवा वेगळी असते.

मग कॉलेजांकडून ‘सेकंडरी’ येतात, म्हणजे आणखी निबंध आणि आणखी फी. एका घरी पहिली सेकंडरी आली तेव्हा शेजारीपाजारी पेढे वाटून झाले होते. आमचाही त्यातला एक खाऊन झाला, मग सांगणं जिवावर आलं. बहुतेक कॉलेजं सेकंडरी जवळपास सगळ्यांनाच पाठवतात. ते बोलावणं नव्हे.

गणपती ते दिवाळी. पहिली बोलावणी जुलै-ऑगस्टपासून येऊ लागतात. गणपतीच्या आरतीला कुणाच्या तरी मुलाची बातमी कळते आणि घरी येताना गाडीत शांतता पसरते. लक्षात घ्या, बोलावणी फेब्रुवारीपर्यंत, काही कॉलेजांची मार्चपर्यंत जात राहतात. सप्टेंबरमध्ये गप्प असलेल्या कॉलेजने अर्ज उघडलेलाही नसण्याची शक्यता भरपूर. मोठ्या खाजगी कॉलेजांपैकी काहींकडे दहा-दहा हजारांच्या वर अर्ज जातात आणि वाचणारी माणसं मोजकी असतात.

१५ ऑक्टोबर ही तारीख भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही. नेहमीच्या पद्धतीने अर्ज करणाऱ्यांना एम.डी. कॉलेजं त्याआधी प्रवेश देऊ शकत नाहीत, तसा नियमच आहे. डी.ओ. कॉलेजांना तो लागू नाही, त्यामुळे एखाद्या ओळखीच्या मुलाचं सप्टेंबरातच ठरलं असं ऐकलंत तर गोंधळू नका. पंधरा ऑक्टोबर आणि दिवाळी जवळजवळ येतात, म्हणून मंडळाच्या दिवाळीत या विषयाला ऊत येतो. त्या दिवशी मुलं आलीच नाहीत तर रागावू नका.

संक्रांत. सगळ्यात वाईट महिना हाच. बोलावणी कमी झालेली असतात, नकार वाढलेले असतात, आणि ज्यांचं काही ठरलं नाही ते देव पाण्यात घालून बसलेले असतात. जानेवारीतली भीती घालवायला काय काय विकायला येतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पाडव्याच्या आसपास. एकेक करत प्रवेश देण्याऐवजी सगळ्यांना एकदम कळवणारीही कॉलेजं आहेत. हार्वर्डचं उत्तर मार्चमध्येच येतं, मुलाखत सप्टेंबरला होवो की जानेवारीला. १५ मार्चपर्यंत प्रत्येक एम.डी. कॉलेजने निदान आपल्या जागांइतके प्रवेश तरी देऊ केलेले असले पाहिजेत. ३० एप्रिलपर्यंत मुलांनी आपलं एक कॉलेज निवडायचं असतं, आणि तिथून वेटलिस्ट हलायला लागते.

शांततेचे प्रकार

सगळी शांतता सारखी नसते.

पहिला प्रकार: अर्ज अजून वाचलाच नाही. नोव्हेंबरपर्यंत याच प्रकाराची शक्यता मोठी. करण्यासारखं काही नाही.

दुसरा: वाचला, आवडला, पण बाजूला ठेवला. याला ‘होल्ड’ म्हणतात. काही कॉलेजं तसं कळवतात, बरीच कळवत नाहीत. कळवलं तर ते पत्र नकार समजून पुसून टाकू नका. आमच्याकडे एका घरात तसं झालं होतं. सुदैवाने जानेवारीत कॉलेजने स्वतःच परत लिहिलं.

तिसरा प्रकार आम्हाला सगळ्यात जास्त छळतो: फाईल अपुरी आहे आणि कुणाला पत्ताच नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याला एका कॉलेजकडून ऑगस्टपासून काही कळत नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटी पोर्टल उघडून पाहिलं तर एक शिफारसपत्र जोडलंच गेलेलं नव्हतं. प्राध्यापकांनी पाठवलं होतं, आमच्याकडे पोच होती, पण ते त्याच्या फाईलला लागलं नव्हतं. तीन महिने अर्ज कुणी हातात घेतला नाही, कारण कॉलेजच्या दृष्टीने तो पूर्णच नव्हता. चूक आमचीही होती, आम्ही पाहायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रत्येक कॉलेजची फाईल ‘पूर्ण’ झाल्याची तारीख आम्ही वहीत लिहितो, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकेक पोर्टल उघडून ताडतो. कॅस्पर नावाच्या ऑनलाइन चाचणीचा निकाल योग्य कॉलेजांना पाठवायचा राहून जाणं हा याच जातीचा अपघात. ज्या कॉलेजांना ती चाचणी लागते तिथे तिच्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

चौथा: नकार ठरलेला आहे, पण कळवलेला नाही. काही कॉलेजं मे महिना उजाडेपर्यंत कळवत नाहीत, काही तर कधीच कळवत नाहीत. या लोकांना दोन ओळी पाठवायला काय होतं, असा प्रश्न आम्हालाही पडतो. ऑक्टोबरात स्पष्ट नकार देणारी कॉलेजं आम्हाला जास्त सभ्य वाटतात.

बाहेरून पाहता पहिला, दुसरा आणि चौथा यांत फरक करता येत नाही. करता येतो असं सांगणारा माणूस भेटला तर पैसे देऊ नका. तिसरा मात्र पोर्टलवर दिसतो, आणि दिसला तर एका दिवसात सुटतो.

बोलावणं आलं की

त्याच दिवशी उत्तर द्यायचं. मुलाखतीच्या तारखा बहुतेक ठिकाणी आधी येईल त्याला मिळतात, आणि बऱ्याच कॉलेजांत जागा येतील तसतशा भरत जातात, म्हणून लवकरची तारीख बरी. ईमेल स्पॅममध्ये पडतात, ते फोल्डर रोज पाहायला मुलांना सांगा. हा एकच प्रश्न रोज विचारलेला चालेल.

२०२० पासून बऱ्याच मुलाखती घरबसल्या होतात, तेव्हा त्या सकाळी कुकरच्या शिट्ट्या नकोत. काही ठिकाणी एकाच मुलाखतीऐवजी आठ-दहा छोट्या मुलाखतींची साखळी असते. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने काढली. तिचा सराव आमच्याकडे होतो, त्याचे पैसे सुरुवातीच्या फीमध्येच आहेत.

पत्र पाठवायचं का?

डिसेंबरनंतर कॉलेजला पत्र लिहिता येतं, सेमिस्टरचे ग्रेड, छापून आलेला रिसर्च, नवीन काम असं काही सांगण्यासारखं असेल तर. ‘मला तुमचं कॉलेज फार आवडतं’ एवढंच असेल तर नको. ‘प्रवेश दिलात तर नक्की तुमच्याकडेच येईन’ हे पत्र वेगळं. ते फक्त एकाच कॉलेजला जातं. दोन कॉलेजांना असा शब्द देणाऱ्याला आम्ही मदत करत नाही, यावर वाद घालू नये. आणि ज्या कॉलेजने पोर्टलवर ‘जादा काही पाठवू नका’ असं लिहिलं आहे तिथे काहीही पाठवायचं नाही.

पालकांनी कॉलेजला फोन करायचा नाही. तुम्ही स्वतः डॉक्टर असाल तरी नाही. तिथल्या डीनच्या शेजारी राहत असाल तरी नाही.

ग्रीन कार्डाची वाट पाहणाऱ्या घरांसाठी

आमच्याकडे येणाऱ्या मराठी घरांपैकी बऱ्याच घरांना हे लागू आहे, म्हणून वेगळं लिहितो. मूल तिसरीत असताना इथे आलं, शाळा-कॉलेज इथेच झालं, बोलतं इथल्यासारखं, पण ग्रीन कार्डाची रांग संपलेली नसेल तर अर्जात ते परदेशी विद्यार्थी म्हणूनच मोजलं जातं. एकवीस पूर्ण झाली की साधारणपणे आई-वडिलांच्या व्हिसावरून उतरावंही लागतं. बरीच सरकारी कॉलेजं फक्त नागरिकांचे आणि ग्रीन कार्डवाल्यांचेच अर्ज पाहतात. जी खाजगी कॉलेजं पाहतात त्यांतली काही चार वर्षांच्या फीची रक्कम आधीच बाजूला ठेवलेली मागतात, कारण सरकारी कर्ज या मुलांना मिळत नाही.

म्हणून या मुलांची कॉलेजांची यादी आम्ही वेगळी करतो, फोन करून खात्री करून घेतो, आणि ती लहानच असते. त्यांना आलेल्या नकाराची शेजारच्या घरातल्या बोलावण्याशी तुलना करू नका. तो नकार बहुतेक वेळा मार्कांचा नसतोच.

जानेवारीत येणारे फोन

एक फोन कॅरिबियन बेटांवरच्या कॉलेजांच्या जाहिरातीचा असतो. तिथून शिकून इथे उत्तम काम करणारे डॉक्टर आहेत, तुमच्या मुलांचा डॉक्टरही कदाचित तिथलाच असेल. पण तिकडे दाखल झालेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत टिकले आणि किती जणांना इथे रेसिडेन्सी (डिग्रीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) मिळाली, हे लेखी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आणि वेटलिस्टवर नाव असताना भीतीपोटी जानेवारीत सही तर नकोच.

दुसरा फोन पुण्याहून किंवा नागपूरहून, काका-मावशींचा. ‘पाठवून द्या इकडे, एनआरआयच्या जागा असतात.’ असतात. पण त्या जागांसाठीही ‘नीट’ द्यावीच लागते, आणि तो अभ्यास एमकॅटच्या अभ्यासापेक्षा निराळा आहे. तिथली डिग्री घेऊन परत यायचं तर इथल्या परीक्षा आणि रेसिडेन्सीची रांग आहेच. कुणाला ते जमणार नाही असं नाही, पण एका संध्याकाळच्या फोनवर ठरवण्याची ही गोष्ट नव्हे.

तिसरा पर्याय म्हणजे एक वर्ष थांबणं. आपल्याकडे ‘वर्ष वाया गेलं’ म्हणतात. इथे मेडिकलला दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं कॉलेजनंतर निदान एक वर्ष बाहेर काम करून आलेली असतात. तेच निबंध पुन्हा पाठवून मात्र उपयोग नाही. पुन्हा अर्ज करायचा असेल तर मार्चमध्ये आमच्याकडे या. नकार दिल्यावर बोलायला तयार असलेली काही कॉलेजं असतात, त्यांना काय कमी पडलं ते विचारून मगच पुढचं ठरवतो. दुसऱ्या वर्षाची आमची फी निम्मी असते.

वेटलिस्ट

मे ते ऑगस्ट. काही ठिकाणी क्रमांक सांगतात, बहुतेक ठिकाणी नाही. वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यातही फोन आलेला आम्ही पाहिला आहे, आणि कळवायला मुदत दोन दिवसांची मिळाली होती. लसीकरणाचे कागद, अंतिम ट्रान्सक्रिप्ट आणि फीच्या पहिल्या हप्त्याची सोय तयार ठेवा. जुलैत भारतात जाणार असाल तर मुलाचा इथला नंबर तिथे चालेल अशी व्यवस्था करून जा.

ऑगस्ट ते एप्रिल दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ आमचं ऑफिस फक्त पालकांसाठी उघडं असतं. वेळ घ्यावी लागत नाही, पैसे नाहीत, चहा आहे. मुलांना घेऊन येऊ नका.