ओवाळणीचा तवा

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळी पाडव्याला मी बायकोला नऊ नगांचा नॉनस्टिक संच ओवाळणी म्हणून दिला. तिने औक्षणाचं तबक बाजूला ठेवलं, खोका उघडला, एकेक झाकण उचलून पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. पण अहो, ह्यात मी नक्की करू काय?" त्या नवांतला एक तवा आज वापरात आहे. उरलेले आठ नग माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी बसलेत.

मी पोटासाठी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे ही चूक जरा जास्तच लागली. पुढच्या वर्षी दुकानात जाण्याआधी पंधरा दिवस मी घरातली घासायला टाकलेली भांडी बघत राहिलो. काय, कुठे आणि कसं लागलंय, एवढंच. कुठलं भांडं घ्यायचं याचं उत्तर जाहिरातीपेक्षा मोरीत लवकर सापडतं.

पहिला पुरावा दुधाच्या पातेल्यात मिळाला. पातळ स्टीलच्या बुडाला तपकिरी रंगाचं एक गोल कडं लागलं होतं, मधला भाग बऱ्यापैकी स्वच्छ. ते कडं म्हणजे आमच्या शेगडीच्या बर्नरचं छायाचित्रच. ज्योतीचं वर्तुळ जिथे टेकतं तिथे स्टील तापतं आणि ती उष्णता बाजूला सरकतच नाही. उष्णता वाहून नेण्याची धातूची क्षमता एका आकड्यात मोजतात. तांब्याचा हा आकडा सुमारे 400 असतो, अॅल्युमिनियमचा 237 च्या आसपास, बिडाचा साधारण 50 आणि स्टेनलेस स्टीलचा जेमतेम 15. म्हणजे तांब्यापुढे स्टील अक्षरशः गोगलगाय आहे. मग बर्नरच्या वरची जागा रापते, दुधातली प्रथिनं तिथे गोठून चिकटतात आणि करपतात.

मग सरळ तांब्याचं पातेलंच का नको? कारण सासरवाडी सावंतवाडीची. आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस आमसूल किंवा चिंच असते. तांब्यापितळेच्या उघड्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. आम्लामुळे तांबं अन्नात उतरतं, चव कडवट होते, मळमळतं. आपल्याकडे यावर तोडगा होता कल्हईचा. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवला की आतून चांदी चढायची. नवसागर तापून फुटतो तेव्हा त्यातलं आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर साफ करतं, म्हणून कथील धातूला धरून बसतं. कथील 232 अंशांना वितळतं. त्यामुळे कल्हईच्या भांड्यात आमटी-भात निर्धास्त करावा, पण ते रिकामं आचेवर विसरू नये. तांबं देखणं आहे, पण भेट देताना एक प्रश्न स्वतःला विचारावा: कल्हईला घेऊन कोण जाणार? उत्तर "तीच" असेल तर आपण भांड्याबरोबर एक कामही भेट देतोय.

दुधाचा प्रश्न ट्रायप्लायने सुटतो. हे तीन थरांचं पत्र्याचं सँडविच असतं: आत अन्नाशी न झगडणारं स्टील, मध्ये उष्णता पसरवणारं अॅल्युमिनियम आणि बाहेर चुंबकाला चिकटणारं, म्हणजे इंडक्शनवर चालणारं स्टील. इथे एक ग्यानबाची मेख आहे. काही भांड्यांना नुसत्या बुडालाच जाड चकती बसवलेली असते. ती वाईट नसतात, पण चकती संपते त्या कडेला शिरा करपतो. अॅल्युमिनियम काठापर्यंत गेलेलं आहे का, हे दुकानदाराला विचारावं.

चुंबकाचीही एक भाबडी समजूत सगळीकडे आहे: "चिकटलं नाही म्हणजे भारी स्टील." 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेलं 304 जातीचं स्टील चुंबकाला दाद देत नाही, हे खरं. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त 200 मालिकेतलं स्टीलही देत नाही. त्यामुळे चुंबक एवढंच सांगतो की भांडं इंडक्शनवर तापेल की नाही. दर्जासाठी बुडावर कोरलेला आकडा वाचावा आणि बिल मागावं.

दुसरा पुरावा होता घावनांचा. आमच्या पातळ अॅल्युमिनियमच्या तव्यावर पहिलं घावन सुरेख निघायचं, दुसरं बरं, तिसरं फाटायचं. अॅल्युमिनियम तर उष्णता झरझर पसरवतं, मग बिघडतं कुठे? इथे वाहून नेण्याइतकंच साठवणं महत्त्वाचं ठरतं. एका घावनातून 20 ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं असं धरा. तेवढ्याला सुमारे 45 किलोज्यूल उष्णता लागते. 300 ग्रॅमचा पातळ तवा 30 अंशांवरून 200 अंशांपर्यंत तापवला तर त्यात साठतात साधारण 46 किलोज्यूल. म्हणजे एकच घावन तव्याची अख्खी शिल्लक खाऊन टाकतं. दोन किलोच्या बिडाच्या तव्यात तितक्याच तापमानाला दीडशेहून जास्त किलोज्यूल असतात. खालून आच चालू असते हे धरलं तरी पातळ तवा पीठ पडताच गार पडतो, आणि गार तव्यावर पीठ कडक व्हायच्या आत धातूला मिठी मारतं.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो, म्हणून ते ठिसूळ असतं आणि हातातून फरशीवर पडलं तर तडकतं. उष्णता सावकाश घेतं, सावकाश सोडतं. नवा तवा मात्र चिकटतो. त्याला तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर येईपर्यंत तापवायचा, गार करायचा, पुन्हा तेच. तेलातले असंतृप्त मेदाम्लांचे रेणू उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने एकमेकांत गुंफले जातात आणि टणक काळा थर तयार होतो. जवसाच्या तेलातले चित्रकारांचे रंग वाळतात ते जवळपास याच रसायनाने. हा थर आंबटाला भितो, म्हणून तव्यात टोमॅटोचं सार उकळू नये.

लोखंड थोडंसं अन्नात उतरतं, ते मात्र उपयोगी. इथिओपियातल्या लहान मुलांवरचा एक अभ्यास 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ज्या घरी लोखंडी भांड्यांत स्वयंपाक झाला, तिथल्या मुलांचं हिमोग्लोबिन अॅल्युमिनियमची भांडी वापरणाऱ्या घरांतल्या मुलांपेक्षा जास्त वाढलं. अर्थात यामुळे रक्तक्षयाच्या गोळ्या बंद करायच्या नसतात.

आता माळ्यावरच्या त्या आठ नगांना थोडा न्याय. महाराष्ट्रात आजही कित्येक घरी नॉनस्टिकला 'निर्लेप'च म्हणतात; औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कंपनीचं नाव वस्तूचं नाव होऊन बसलं. या लेपाचा जन्म अपघातातला. 1938 मध्ये अमेरिकेत ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट शीतकरणासाठी नवा वायू शोधत होते. एका नळकांड्यातून वायू येईना, पण वजन तर तेवढंच. कापून पाहिलं तर आत मेणचट पांढरी भुकटी. तेच टेफ्लॉन. त्याला काहीच चिकटत नाही, मग ते तरी तव्याला कसं चिकटवायचं? फ्रान्समधले अभियंता मार्क ग्रेगोअर यांनी अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग आम्लाने खडबडीत करून त्याच्या बारीक खळग्यांत हा लेप बसवला. त्यांना तो मासेमारीच्या सामानासाठी हवा होता. "माझ्या तव्याला लाव ना" ही सूचना त्यांच्या पत्नी कोलेत यांची. टेफ्लॉन आणि अॅल्युमिनियम यांची नावं जोडून 1956 मध्ये टेफाल कंपनी निघाली. म्हणजे नवऱ्याने बायकोला दिलेल्या भांड्यांत इतिहासातलं सगळ्यात यशस्वी भांडं हेच असावं, आणि ते यशस्वी झालं कारण काय हवं ते तिने सांगितलं होतं.

हा लेप साधारण 260 अंशांपर्यंत शहाण्यासारखा वागतो. त्यापुढे खराब होऊ लागतो, आणि साडेतीनशेच्या वर विघटन होऊन त्रासदायक वायू सुटतात. पिंजऱ्यातले पक्षी त्याने दगावतात. मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांत ही हद्द ओलांडतो, आणि भाकरीचा तवा तर आपण तसाच तापवतो. अंडं, धिरडं, कमी तेलातलं थालीपीठ मंद आचेवर करणाऱ्याला नॉनस्टिक चांगलं. लेप बनवताना पूर्वी वापरलं जाणारं पीएफओए हे रसायन 2019 मध्ये घातक, टिकाऊ रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं, त्यामुळे खोक्यावरचं "पीएफओए विरहित" हे वाक्य आता फारसं काही सांगत नाही.

उरला मनगटाचा प्रश्न, आणि तो कुठल्याच तक्त्यात नसतो. बायकोचं उजवं मनगट थंडीत दुखतं. म्हणून बिडाची कढई मनात भरूनही ठेवून दिली. भरलेली असताना ती कुणी उचलायची? तवा शेगडीवरून फारसा हलत नाही, तेव्हा वजन फक्त त्यालाच परवडतं. दोनच वस्तू घेतल्या: बिडाचा दहा इंची तवा आणि दोन लिटरचं ट्रायप्लाय पातेलं. दुकानदाराने सवयीने विचारलं, "नाव घालायचं का?" पातेल्याच्या काठाखाली घालून घेतलं.

पाडव्याला तिने पातेलं एका हाताने उचलून तोललं, फ्रिजवरचा चुंबक काढून बुडाला लावला आणि काही न बोलता मान हलवली. तवा मुरायला आठवडा गेला. त्या काळातली फाटकी घावनं सगळी माझ्या ताटात आली.