ॲलिस स्प्रिंग्सच्या हॉस्टेलमध्ये राहायला जाताना

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातला उलुरू हा प्रचंड खडक पाहायला निघालेल्या पाहुण्यांची सोय आम्ही ॲलिस स्प्रिंग्सच्या छोट्या हॉस्टेलमध्येच करतो. पैसे वाचतात हे खरंच, पण मोठं कारण म्हणजे तिथलं स्वयंपाकघर. ॲडलेड आणि डार्विन, दोन्हींपासून दीडेक हजार किलोमीटरवरच्या या गावात रोज बाहेर जेवणं महागात पडतं. डाळ, तांदूळ, हळद, तिखट सुपरमार्केटात मिळतं. आपला वरणभात आपणच लावावा.

स्वयंपाकघर सगळ्यांचं असतं. फ्रीजमधल्या पिशवीवर नाव आणि निघायची तारीख लिहा. बिननावाची पिशवी साफसफाईत जाते. ‘फ्री फूड’ लिहिलेल्या फळीवर पुढे गेलेल्या प्रवाशांचं उरलेलं मीठ, तेल, तांदूळ असतं. ते निःसंकोच घ्या, निघताना तुमचं उरलेलं तिथे ठेवा. भांडी लगेच घासून, पुसून जागेवर.

फोडणीबद्दल मात्र कळकळीची विनंती. पंखा लावा, खिडकी उघडा, आच मंद ठेवा. मिरचीचा खाट उठला की धुराचा अलार्म वाजतो आणि झोपलेली माणसंही अंगणात येतात. पुष्कळ ठिकाणी तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. बंब उगाच आला तर त्याचे पैसे तुमच्याकडून घेतले जाऊ शकतात.

घरून खाऊ नेलात तर ऑस्ट्रेलियात उतरताना फॉर्मवर प्रत्येक पदार्थ लिहा. लिहिलेला फार तर काढून घेतील. लपवलेला सापडला तर जबर दंड होतो.

डॉर्ममध्ये, म्हणजे झोपायच्या सामाईक खोलीत, एकावर एक पलंग असतात. लॉकरसाठी कुलूप आपलं न्या. उलुरूच्या गाड्या पहाटे निघतात, म्हणून बॅग रात्रीच भरा. अंधारात प्लॅस्टिकच्या पिशव्यांची करकर सगळ्या खोलीला जागं करते.

जून-जुलैत दिवसा ऊन छान, रात्री पारा शून्याखालीही जातो, तेव्हा स्वेटर हवाच. डिसेंबर-जानेवारीत पारा चाळिशी ओलांडतो. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटल्या तिथेच भरा.

उलुरू रस्त्याने साधारण 450 किलोमीटर. स्वतः गाडी चालवणार असाल तर अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. उलुरूवर चढणं 26 ऑक्टोबर 2019 पासून बंद आहे. तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांचं ते पवित्र स्थान; पायथ्याची प्रदक्षिणा अवश्य करा.

छोट्या हॉस्टेलचं कार्यालय संध्याकाळीच बंद होतं. उशिरा पोहोचणार असाल तर आम्हाला आदल्या दिवशी कळवा, किल्ली कुठे मिळेल ते विचारून ठेवू.