व्हेल्ड शॅमेलियन: निगा कशी राखावी, आजार वेळीच कसा ओळखावा

(पिंजरा, दिवे आणि खाद्यकिडे घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

व्हेल्ड शॅमेलियन हा डोक्यावर तुरा असलेला सरडा, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागातला. हे पत्रक फक्त त्याच्याबद्दल आहे. इतर जातींचं तापमान आणि पाण्याचं गणित वेगळं असतं, म्हणून इथले आकडे त्यांना लावू नयेत.

आपल्याकडे माळावर, शेताच्या बांधावर दिसणारा घोयरा सरडा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, घरात ठेवणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. कुणी आणून दिला तरी ठेवून घेऊ नका, वनविभागाला कळवा. त्याच्यासाठी आम्ही कोणतंही साहित्य देत नाही. व्हेल्ड शॅमेलियनचं नाव साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. खरेदीची पावती आणि नोंदणीचे कागद जपून ठेवा.

आजार सुरू कुठे होतो

रानात अशक्त दिसणारा प्राणी आधी शिकार होतो. म्हणून शॅमेलियन आपलं दुखणं शक्य तितके दिवस दडवतो. तो मलूल दिसू लागतो तेव्हा दुखणं बऱ्याचदा कित्येक आठवड्यांचं जुनं असतं. त्याचं मूळ बहुतेक वेळा पिंजऱ्यातच सापडतं: वर्ष उलटून गेलेली यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब, फार जवळ लावलेला बल्ब, न वाळणारा ओलावा, नाहीतर खाद्यकिड्यांना लावायच्या कॅल्शियम-जीवनसत्त्वांच्या पावडरचं चुकलेलं प्रमाण. म्हणून काही बिघडलंय असं वाटलं की प्राण्याइतकंच बारकाईने पिंजऱ्याकडेही पाहा.

पिंजरा

पूर्ण वाढलेल्या शॅमेलियनला २ फूट रुंद, २ फूट खोल आणि ४ फूट उंच असा चारही बाजूंनी जाळीचा पिंजरा लागतो. काचेच्या टाकीत हवा कोंडते. शिवाय काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटतं आणि तो दिवसभर तणावात राहतो. एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवायचा, नर-मादीची जोडीसुद्धा नाही. पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा. आपण त्याच्यापेक्षा उंचावरून वाकून पाहिलं की त्याला शिकारी पक्षी आल्यासारखं वाटतं.

आत मनी प्लांट, जास्वंद, छत्रीचं झाड अशी दाट पानं हवीत. व्हेल्ड शॅमेलियन पानं कुरतडतो, त्यामुळे कण्हेर, रुई, धोतरा, डिफेनबेकिया यांना पिंजऱ्यात जागा नाही. नर्सरीतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक असतं असंच धरून चाला. पानं दोन्ही बाजूंनी धुवा, वरची माती बदला आणि रोप महिनाभर बाहेर ठेवून मगच आत न्या. तळाला कोकोपीट किंवा भुसा टाकू नका. किड्याबरोबर तो पोटात जातो. नुसता कागद सगळ्यात बरा, विष्ठाही त्यावर लगेच दिसते.

दिवे

दोन वेगळे दिवे लागतात: एक उबेसाठी, दुसरा यूव्हीबीसाठी. उबेला ४० ते ६० वॉटचा साधा किंवा हॅलोजन बल्ब पुरतो. तो जाळीच्या वर, पिंजऱ्याबाहेर लावायचा. बल्बखालच्या फांदीवर नरासाठी २९ ते ३१ अंश आणि मादीसाठी २७ अंश सेल्सिअस पुरेसं असतं. पिंजऱ्याच्या खालच्या भागात २२ ते २६ अंश हवेत. तापमान हाताने अजमावू नका. डिजिटल थर्मामीटरची तार फांदीवर, शॅमेलियनची पाठ येते त्या उंचीवर बांधा. फांदी आणि बल्ब यांत किमान २० सेंटिमीटर अंतर नसेल तर डोक्यावरचा तुरा भाजतो. पाठ आणि तुरा बल्बला सगळ्यात जवळ असतात, आणि चटका बसत असतानाही तो तिथून हलत नाही. आधी हिरवट, मग काळा पडणारा डाग ही भाजल्याची खूण आहे. रात्री कोणताही दिवा नको, लालसुद्धा नाही.

यूव्हीबीसाठी टी-५ प्रकारची लांब ट्यूब घ्या, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीची. ती पाठीपासून २० ते २३ सेंटिमीटरवर यावी. पिळाच्या छोट्या सीएफएलसारखे यूव्हीबी दिवे आम्ही सुचवत नाही. त्यांचा झोत अरुंद असतो, आणि फांदी थोडी इकडे-तिकडे झाली की प्राण्याला काहीच मिळत नाही. ट्यूब आणि शॅमेलियन यांच्या मध्ये काच किंवा ॲक्रिलिक येता कामा नये, कारण त्यातून यूव्हीबी आरपार जात नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही याच कारणाने कुचकामी ठरतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. ट्यूबचा पांढरा उजेड वर्षानुवर्षं येत राहतो, पण तिच्यातलं यूव्हीबी साधारण वर्षभरात उतरतं. ट्यूब लावली त्या दिवसाची तारीख तिच्या टोकावर मार्करने लिहा आणि १२ महिन्यांनी बदला, उजेड कितीही लख्ख दिसत असला तरी.

सकाळचं कोवळं ऊन २०-३० मिनिटं मिळालं तर फारच चांगलं. मात्र जाळीच्या पिंजऱ्यात, निम्मा भाग सावलीत ठेवून आणि तुम्ही समोर बसलेले असतानाच. कावळे आणि मांजरं क्षणात येतात.

पाणी आणि हवा

हा प्राणी वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. सकाळी दिवे लागण्याआधी आणि संध्याकाळी ते बंद झाल्यावर दोन-दोन मिनिटं बारीक फवारा मारा. दुपारी तासभर ठिबक चालू ठेवा. सलाईनच्या नळीवरचा नियंत्रक लावून मिनिटाला २०-३० थेंब पानांवर पडतील असं करा. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पिंजरा पूर्ण वाळायलाच हवा. दिवसा हवेतली आर्द्रता ३० ते ५० टक्के असली की पुरे.

मुंबई, कोकण आणि पुण्यात पावसाळ्यात हे वेळापत्रक जसंच्या तसं चालत नाही. जुलैत हवाच इतकी ओली असते की पानं दुपारपर्यंत टपकत राहतात. उबदार, ओली आणि कोंडलेली हवा म्हणजे छातीच्या संसर्गाला आमंत्रणच. त्या दिवसांत फवारा अर्ध्या मिनिटावर आणा, पाणी ठिबकनेच द्या आणि खोलीतला पंखा मंद चालू ठेवा, मात्र त्याचा झोत पिंजऱ्यावर येऊ देऊ नका. रात्री धुकं सोडणारी यंत्रं फक्त खोली २० अंशांच्या खाली जात असेल तरच वापरावीत. मुंबईच्या पावसाळ्यात तशी वेळ येत नाही.

विदर्भ, मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत उबेचा बल्ब बंदच ठेवा, यूव्हीबी ट्यूब मात्र चालू राहू द्या. खोली ३५ अंशांवर जाऊ लागली की कूलर किंवा एसीच्या खोलीत पिंजरा हलवा. वीज गेल्यामुळे एक दिवस दिवे नसले तर काही बिघडत नाही, उष्णतेचा एक दिवस मात्र जिवावर बेतू शकतो.

खाणं आणि पावडर

किडा शॅमेलियनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. तीन महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसातून दोनदा मिळून १० ते १५ छोटे रातकिडे द्या. सहा महिन्यांनंतर खाणं एक दिवसाआड करा. वर्ष झालं की एक दिवसाआड ३ ते ५ किडे. मोठा शॅमेलियन समोर आलेलं सगळं खातो, म्हणून त्याला सगळं द्यायचं नसतं.

रातकिडे, डुबिया झुरळं, रेशीमकिडे आणि सोल्जर फ्लायच्या अळ्या आलटून पालटून द्या. घरातली झुरळं आणि बागेतले किडे नकोत, त्यांच्यातून कीटकनाशक आणि जंत दोन्ही येतात. काजवा चुकूनही देऊ नका. काही काजव्यांच्या अंगात असं विष असतं की एक काजवासुद्धा सरड्याचा जीव घेऊ शकतो.

किड्यांना आदल्या २४ तासांत चांगलं खाऊ घाला: शेवग्याचा पाला, रताळं, गाजर, लाल भोपळा. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. उपाशी किडा म्हणजे रिकामं टरफल.

किड्यांच्या अंगात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं, त्यामुळे पावडरशिवाय भागत नाही. डी-३ जीवनसत्त्व नसलेलं साधं कॅल्शियम प्रत्येक खाण्याला लावा. दहा किड्यांना चिमूटभर पावडर पिशवीत टाकून हलवा. किडे जरासे पांढुरके दिसले की झालं. डी-३ आणि अ जीवनसत्त्व असलेली पावडर महिन्यातून दोनदाच. ती रोज दिली तर डी-३ शरीरात साठतं आणि मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम जमू लागतं. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या किंवा सिरप देऊ नका.

हाडं मऊ पडणं

वाढत्या पिल्लांमध्ये हा आजार फार लवकर बळावतो. यूव्हीबी नसेल तर कातडीत डी-३ तयार होत नाही, आणि डी-३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जात नाही. हृदय आणि स्नायू चालते ठेवायला शरीर मग हाडांतलंच कॅल्शियम उपसतं.

पहिली खूण पायांत नाही, जिभेत आणि पकडीत दिसते. एरवी तो स्वतःच्या लांबीएवढ्या अंतरावरचा किडा अचूक टिपतो. तोच आता अगदी जवळ सरकतो, नेम चुकतो किंवा जीभ निम्मीच बाहेर येते. चालताना पाय थरथरतो. फांदीऐवजी तो स्वतःचाच दुसरा पाय पकडतो. पुढे कोपरं बाहेर वळतात, पोट फांदीला टेकतं आणि जबडा मऊ पडून तोंड नीट मिटत नाही. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. जिभेचा नेम चुकायला लागल्याबरोबर डॉक्टर गाठलात तर ती वेळ टळू शकते.

मादी आणि अंडी

मादी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की नर नसतानाही अंडी धरते. एका वेळी २० ते ६०, कधी त्याहूनही जास्त. भरपूर खाणं आणि जास्त ऊब यांनी ही संख्या वाढते. मादीसाठी २७ अंश आणि मोजकंच खाणं सांगितलं आहे ते म्हणूनच.

मादी पाच महिन्यांची झाली की पिंजऱ्यात अंडी घालण्याचा टब कायमचा ठेवा. तो ३० सेंटिमीटर लांब-रुंद असावा आणि त्यात धुतलेली ओलसर वाळू २० सेंटिमीटर भरलेली असावी. वाळूत बोट खुपसून बाहेर काढा. भोक ढासळलं नाही आणि तळाला पाणीही साचलं नाही म्हणजे ओल बरोबर आहे.

खाणं मंदावणं, पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या, वाळू उकरणं ही अंडी घालण्याआधीची नेहमीची लक्षणं. अशा वेळी पिंजऱ्याला बाहेरून चादर लावा आणि वाकून पाहू नका. कुणी पाहतंय असं वाटलं की ती खड्डा सोडते आणि अंडी आत अडकतात. पोट फुगलेलं असताना ती तळाशी डोळे मिटून पडून राहिली, किंवा एक-दोन दिवस उकरूनही अंडी आली नाहीत, तर त्याच दिवशी डॉक्टर. हे दुखणं अंगावर काढता येत नाही.

डोळे, श्वास, विष्ठा

दिवसा मिटलेले डोळे म्हणजे आजार. "झोपला असेल" असं समजून गाफील राहू नका, निरोगी शॅमेलियन दिवे चालू असताना झोपत नाही. पाणी कमी पडणं, अ जीवनसत्त्वाची उणीव, डोळ्यात गेलेला कण किंवा अंगभर पसरलेला संसर्ग, यांपैकी काहीही असू शकतं. डोळ्याचा उंचवटा आत ओढला गेला असेल तर आधी पाण्याकडे पाहा.

बल्बखाली बसून तोंड उघडं ठेवलं असेल तर बल्ब बंद करा. दहा-पंधरा मिनिटांत तोंड मिटलं तर तो उकाडा होता, बल्ब वर घ्या. तोंड उघडंच राहिलं, मान वर ताणून श्वास चालला असेल, टकटक आवाज येत असेल किंवा तोंडाशी बुडबुडे दिसत असतील, तर तो छातीचा संसर्ग आहे. त्याला डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविकच लागतं, वाफेने काही होत नाही. जबड्याच्या कडेला सूज किंवा पनीरसारखा पिवळट पू दिसला तर तोंडाचा संसर्ग समजा.

विष्ठेत दोन भाग असतात: तपकिरी आणि पांढरा. पांढऱ्याचं टोक थोडं पिवळं असेल तर चालतं. तो सगळाच केशरी आणि खडूसारखा कोरडा झाला की शरीरात पाणी कमी आहे. पातळ, उग्र वासाची विष्ठा दोन-तीन वेळा झाली तर जंतांची तपासणी करा. प्राणी नवीन आणल्यावर आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी तशीही करावीच.

गळ्याभोवती किंवा मानेवर पाण्यासारखी सूज आली तर पावडरचं प्रमाण वाढलं असण्याचा किंवा मूत्रपिंड बिघडल्याचा संशय घ्या. सांधे सुजले तर गाऊटची (सांध्यांत युरिक आम्ल साठण्याची) शक्यता असते.

सकाळी गार असताना किंवा घाबरल्यावर रंग गडद होणं हा आजार नाही. दिवसभर, ऊब मिळूनही, काळपट राहिला तर आहे. कात टाकताना कातडीचे तुकडे लोंबतात, ते ओढू नका, फवारा पुरे.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. काट्यावर एक फांदी ठेवून तिचं वजन शून्य करा आणि त्याला तिच्यावर चढू द्या. मोठ्या प्राण्याचं वजन एका महिन्यात दहा टक्क्यांनी घटलं, तर बाकी काही दिसत नसलं तरी दाखवून घ्या. अंडी घातलेली मादी याला अपवाद.

हाताळल्यावर किंवा पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुवा, कारण त्याच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू देऊ नका.

डॉक्टरांकडे नेताना

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य प्राणी आणतानाच शोधून ठेवा, अडचणीच्या दिवशी नव्हे. नेताना भोकं पाडलेल्या खोक्यात एक आडवी काठी घट्ट बसवा आणि खोकं अंधारं ठेवा. गाडीत एसीचा झोत त्यावर येऊ देऊ नका. २४ तासांतली विष्ठा ओल्या टिश्यूत गुंडाळून झाकणाच्या डबीत घ्या. मोबाइलमध्ये पूर्ण पिंजरा, ट्यूबवरची तारीख, थर्मामीटरचा आकडा आणि पावडरच्या डब्यांच्या मागची लेबलं यांचे फोटो हवेत. चुकलेला नेम, थरथर किंवा श्वासाचा आवाज यांचा छोटा व्हिडिओ घरीच काढून ठेवा, कारण दवाखान्यात घाबरलेला शॅमेलियन यातलं काहीच दाखवत नाही.